क्षयाआडचा क्रोन्स

लहान आतडं जिथे मोठ्या आतड्याला मिळतं तो भाग पोटात उजवीकडे खाली, अपेंडिक्सच्या लगत असतो. मुंबई आणि तिच्या आसपासच्या जिल्ह्यांतल्या पोटविकारांचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास लिहायचा, तर त्याचा मोठा हिस्सा या वीतभर जागेविषयी लिहावा लागेल. आतड्याचा क्षय सर्वाधिक इथेच होतो. क्रोन्स डिसीज हा आतड्याचा दाहक विकारही पुष्कळदा इथेच ठाण मांडतो. दोन्हींत पोट दुखतं, मुरडा येतो, वजन उतरतं, बारीक ताप राहतो, रक्त कमी होतं. दोन्हींत आतड्याला जखमा होतात, भिंत जाड होते, पुढे मार्ग अरुंद होत जातो आणि एके दिवशी आतडं अडकून रुग्णाला शस्त्रक्रियेसाठी न्यावं लागतं. सूक्ष्मदर्शकाखालीही दोन्हींत ग्रॅन्युलोमा नावाचे पेशींचे पुंजके दिसतात. उपचार मात्र अगदी उलट दिशांचे आहेत. क्षय जंतूंमुळे होतो आणि सहा महिन्यांच्या औषधांनी बहुधा पुरता बरा होतो. क्रोन्समध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच आतड्यावर उलटते. तो आजार आयुष्यभर सांभाळावा लागतो, आणि त्यावरची स्टेरॉइडसारखी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चुकून क्षयाच्या रुग्णाला दिली गेली तर जिवावर बेततं.

हे दाहक विकार, म्हणजे क्रोन्स आणि त्याचा भाऊबंद अल्सरेटिव्ह कोलायटिस, जगाच्या वेगवेगळ्या भागांत वेगवेगळ्या तऱ्हेने प्रकट होतात, असं वैद्यकशास्त्र गेली काही दशकं सांगत आलं आहे. आशिया-पॅसिफिकमधल्या देशांचा एकत्रित अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आशियातल्या आठ देश-प्रदेशांत दर लाख लोकांमागे वर्षाला सरासरी १.३७ नवे रुग्ण आढळले, ऑस्ट्रेलियात २३.६७. पण त्याहून लक्षवेधी आकडा दुसरा होता. निदान झालं त्या क्षणीच आतडं अरुंद झालेलं, आतड्याला भोक पडून नको तिथे वाट तयार झालेली किंवा गुदद्वाराशी भगंदर झालेला, असे गुंतागुंतीचे क्रोन्सचे रुग्ण आशियात ५२ टक्के होते आणि ऑस्ट्रेलियात २४ टक्के. त्या फेरीत भारत नव्हता, श्रीलंका होती. पुढच्या, तेरा देश-प्रदेशांच्या अभ्यासात हैदराबादच्या आकड्यांनी भारताचा समावेश झाला आणि आशियातला सर्वांत मोठा दर, लाखामागे सुमारे ९.३, भारताचा निघाला. असे आकडे समोर आले की पहिला विचार वंशाचा, जनुकांचा, आहाराचा येतो. आपल्याकडची शरीरंच वेगळी, म्हणून आजारही सुरुवातीपासून वेगळा आणि अधिक कठोर, असा निष्कर्ष सहज निघतो. माझं म्हणणं असं की या फरकाचा बराच मोठा भाग शरीरात नसून निदानाच्या इतिहासात आहे. आपल्याकडचा क्रोन्स ‘सुरुवातीलाच’ गुंतागुंतीचा दिसतो, कारण आपण ज्याला सुरुवात म्हणतो ती पुष्कळदा सुरुवात नसते. तोवर त्या रुग्णाची दोन-चार वर्षं क्षयाच्या नावाखाली गेलेली असतात.

हा इतिहास नीट मांडायचा तर तो युरोप-अमेरिकेतून सुरू करावा लागतो, कारण क्षय आणि क्रोन्स यांची ताटातूट तिथे आधी झाली. रॉबर्ट कॉखने २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जाहीर केला आणि तेव्हापासून आतड्यातल्या ग्रॅन्युलोमाचा अर्थ क्षय असा ठरून गेला. जंतू सापडला नाही तर तो हुकला असेल, एवढंच मानलं जाई. १९१३ मध्ये ग्लासगोचा शल्यचिकित्सक केनेडी डाल्झिएल याने ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये असे रुग्ण मांडले, ज्यांचं आतडं क्षयासारखं दिसत होतं पण क्षयाचा जंतू सापडत नव्हता. गुरांना होणाऱ्या जोन्स डिसीजशी त्याने त्यांचं साम्य दाखवलं. पहिलं महायुद्ध तोंडावर होतं आणि त्याच्या लेखाकडे फारसं कोणी पाहिलं नाही. मग १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातल्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर या तिघांनी १४ रुग्णांवरचा लेख अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापला. लेखकांची नावं वर्णानुक्रमे होती, म्हणून आजाराला पहिल्या नावाचा मान मिळाला. ज्या ए. ए. बर्ग यांनी त्या रुग्णांवर शस्त्रक्रिया केल्या त्यांनी लेखकांत नाव घालू दिलं नाही. त्या लेखाचा अर्धा जोर ‘हा क्षय नाही’ हे सिद्ध करण्यावर आहे. जंतूंसाठी रंग देऊन पाहणं, काढलेल्या आतड्याचे अंश प्राण्यांना टोचून पाहणं हे सगळं त्यांनी केलं. १९३२ च्या न्यूयॉर्कमध्येसुद्धा क्रोन्सला अस्तित्व मिळवण्यासाठी आधी क्षय दूर सारावा लागला.

पुढच्या तीसेक वर्षांत पश्चिमेत हा अडसर आपोआप हटत गेला. तिकडच्या आतड्याच्या क्षयाचं एक मोठं कारण क्षयग्रस्त गाईंचं कच्चं दूध होतं. दुधाचं पाश्चरायझेशन सार्वत्रिक झालं, गोठ्यांतली रोगट जनावरं वेगळी काढली गेली, राहणीमान सुधारलं, १९४४ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन आणि १९५२ मध्ये आयसोनियाझिड आलं, आणि आतड्याचा क्षय तिथे जवळजवळ दिसेनासा झाला. मग उजव्या कुशीतल्या जाड झालेल्या आतड्याचा अर्थ लावताना अमेरिकन डॉक्टरला दुसरा विचार करावा लागेना. जून १९५६ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्यावर याच आजारामुळे वॉल्टर रीड रुग्णालयात तातडीची शस्त्रक्रिया झाली आणि क्रोन्सचं नाव तिथल्या वर्तमानपत्रांत पोचलं. त्या वर्षी तेच दुखणं घेऊन कोणी मुंबईच्या रुग्णालयात आला असता, तर त्याच्या केसपेपरावर क्षय लिहिलं जाण्याची शक्यता कितीतरी जास्त होती. आणि ते लिहिणारा डॉक्टर आकड्यांच्या दृष्टीने चुकीचाही ठरला नसता.

कारण मुंबई प्रांतात क्षय मागे हटला नव्हता. आपल्याकडे दूध उकळून पिण्याची रीत असल्यामुळे गाईचा जंतू फारसा माणसात उतरला नाही. आपला आतड्याचा क्षय मुख्यतः माणसांतल्याच जंतूचा, फुप्फुसातली थुंकी गिळून खाली गेलेला, म्हणजे दाटीचा. ती दाटी कशी झाली हे सर्वांना माहीत आहे: गिरण्या, एका खोलीत आठ-दहा माणसं राहणाऱ्या चाळी, १८९६ चा प्लेग, त्यानंतर १८९८ मध्ये स्थापन झालेला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. शिवडीला क्षयासाठी स्वतंत्र रुग्णालयांचा समूह उभा राहिला, यावरूनच त्या आजाराचा भार कळतो. पुढे कापडाचा धंदा गिरण्यांतून भिवंडीच्या यंत्रमागांकडे सरकला तेव्हा बंद, तंतूंनी भरलेल्या खोल्या आणि पाळीपाळीने एकाच जागी झोपणारे कामगार हे चित्रही सरकलं. क्षयाला लागणारी सगळी सामग्री तिथे तयारच होती. म्हणून १९७७ मध्ये मुंबईचे शल्यचिकित्सक एस. के. भन्साळी यांनी पोटाच्या क्षयाच्या तब्बल ३०० रुग्णांचा अनुभव एका अमेरिकन नियतकालिकात मांडला, यात नवल नव्हतं. एका शहरातल्या एका शल्यचिकित्सकाकडे एवढे रुग्ण, हे वाचून त्या काळच्या अमेरिकन वाचकाला काय वाटलं असेल याची कल्पना करता येते. त्याच वर्षी कटारिया आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी ब्रिटनच्या शल्यचिकित्सा नियतकालिकात क्षयामुळे अरुंद झालेलं आतडं कापून न टाकता जागच्या जागी रुंद करण्याची शस्त्रक्रिया वर्णन केली. पाच वर्षांनी, १९८२ मध्ये, ऑक्सफर्डच्या एमॅन्युएल ली यांनी हीच युक्ती क्रोन्सच्या रुग्णांवर वापरली आणि आज ती जगभर त्या आजाराची प्रस्थापित शस्त्रक्रिया आहे. भारतीय क्षयाने क्रोन्सला झाकलं हे खरं, पण त्याच्यावरचा एक इलाजही भारतीय क्षयाच्याच अनुभवातून निघाला. ही गोष्ट आपल्याकडे पुरेशी सांगितली जात नाही.

त्या काळातल्या अभ्यासकांना हा घोटाळा दिसत नव्हता असं मात्र नाही. दिल्लीचे एच. डी. टंडन आणि आनंद प्रकाश यांनी १९७२ मध्ये ‘गट’ या नियतकालिकात शस्त्रक्रियेत काढलेल्या आतड्यांचा बारकाईने केलेला अभ्यास छापला. क्षयाची खूण मानला जाणारा, पेशी मरून झालेला मऊ गर आतड्याच्या भिंतीत सापडला नाही तरी शेजारच्या लसिकाग्रंथींत सापडू शकतो, हे त्यांनी ठासून सांगितलं. म्हणजे भिंतीत खूण नाही म्हणून क्रोन्स म्हणू नका. हा इशारा योग्यच होता, आणि माझ्या मुद्द्याविरुद्धचा तो एक भक्कम पुरावाही आहे, कारण त्याचा अर्थ ‘क्रोन्स’ म्हणून गणलेले काही रुग्ण प्रत्यक्षात क्षयाचे असू शकतात असाही होतो. पण याच इशाऱ्याचा दुसरा परिणाम असा झाला की भारतात क्रोन्सचं निदान हे नकारातून मिळवायचं निदान बनलं. क्षयाची खूण नाही, जंतू नाही, एवढ्याने भागत नव्हतं. शंकेचा फायदा नेहमी क्षयाला मिळायचा, आणि पाठ्यपुस्तकं सांगत राहिली की भारतात क्रोन्स दुर्मीळ आहे.

अल्सरेटिव्ह कोलायटिसची कथा याच्या शेजारून चालते. तिथे झाकणारा आजार क्षय नसून आमांश होता. लेनर्ड रॉजर्स यांनी १९१२ मध्ये कलकत्त्यात अमिबाच्या आमांशावर एमेटिनची टोचणी रूढ केली, तेव्हापासून शौचातून रक्त आणि आव पडली की अमिबा हे समीकरण पक्कं झालं. पुढे मेट्रोनिडाझोलच्या गोळ्यांनी ते घरोघरी पोचवलं. तरी या आजाराची सुटका तुलनेने लवकर झाली, कारण गुदद्वारातून छोटी नळी घालून मोठ्या आतड्याचा शेवट पाहता येत होता. बी. एन. टंडन यांनी १९६५ मध्ये आणि एच. के. छुट्टानी यांनी १९६७ मध्ये उत्तर भारतातल्या रुग्णांवर लिहिलं. हरियाणातल्या १९८६ च्या पाहणीत लाखामागे ४२.८ रुग्ण आढळले. पंजाबात अजित सूद आणि सहकाऱ्यांनी घरोघरी जाऊन ५१,९१० लोकांची चौकशी केली आणि २००३ मध्ये लाखामागे ४४.३ रुग्ण, वर्षाला सुमारे सहा नवे, असं जाहीर केलं. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही, की दुर्मीळ म्हणवला जाणारा आजार शोधायला माणसं दारात गेली तेव्हा तो दारातच सापडला. क्रोन्ससाठी असं दारोदार जाणं शक्य नव्हतं. तो बहुतेकदा नळी पोचत नाही तिथे राहतो.

नळी तिथवर पोचली ती कोलोनोस्कोपीमुळे. १९८० नंतर मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांत ती रुळू लागली आणि लहान-मोठ्या आतड्याच्या सांध्यापर्यंत डोळ्यांनी पाहता येऊ लागलं, तुकडा काढता येऊ लागला. मग चित्र बदललं. मुंबईचे एच. जी. देसाई आणि गुप्ते यांनी २००५ मध्ये भारतीय पोटविकार नियतकालिकात एक छोटं टिपण लिहिलं. भारतात क्रोन्स वाढतोय, त्याचा संबंध सुधारलेल्या स्वच्छतेशी आहे का, असा प्रश्न त्याच्या शीर्षकातच होता. तीन वर्षांनी, २००८ मध्ये, बॉम्बे हॉस्पिटलचे दीपक अमरापूरकर आणि सहकाऱ्यांनी क्षय सर्वत्र असलेल्या देशात क्रोन्स ओळखायचा कसा, याचा मुंबईतल्या रुग्णांवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध केला. दीर्घकाळचे जुलाब, शौचातलं रक्त, गुदद्वाराशी भगंदर, सांधे किंवा डोळ्यांची दुखणी क्रोन्सकडे बोट दाखवतात आणि आतडं अडकण्याचे झटके क्षयाकडे, असा विवेक त्यातून आणि त्यानंतरच्या अभ्यासांतून तयार होत गेला. अमरापूरकर २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात मुंबईतल्या रस्त्यावरच्या उघड्या मॅनहोलमध्ये वाहून गेले. ज्या शहराच्या पोटाचे प्रश्न सोडवण्यात त्यांचं आयुष्य गेलं, त्या शहराचं हे देणं मोठं आहे.

आता आक्षेप. पहिला जनुकांचा, आणि तो वरवर पाहता सर्वांत वजनदार. २००१ मध्ये नॉड-२ या जनुकातले बदल क्रोन्सशी जोडले गेले. युरोपीय वंशाच्या रुग्णांत या जनुकाचे तीन प्रकार ठळकपणे आढळतात. भारतीय रुग्णांत तपासलं तेव्हा हे तिन्ही प्रकार जवळजवळ नव्हतेच. म्हणजे जैविक फरक आहे, यात शंका नाही. पण हा फरक कोणत्या बाजूने साक्ष देतो ते पाहा. युरोपीय रुग्णांत नॉड-२ चे बदल लहान आतड्याच्या टोकाशी होणाऱ्या आणि आतडं अरुंद करणाऱ्या क्रोन्सशी निगडित आहेत. ते आपल्याकडे नसतील तर आपल्या रुग्णांची आतडी कमी आकसलेली दिसायला हवीत. आशियाई आकडे उलट सांगतात. आपल्याकडे दुसरी जनुकं तेच काम करत असतील, हे शक्य आहे आणि काही प्रमाणात खरंही असेल. पण जनुकाने न केलेलं काम वेळ करू शकतो, हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे. दाह धुमसत राहिला की आतड्याच्या भिंतीत तंतू साठतात आणि मार्ग अरुंद होतो. स्थलांतरितांचा पुरावाही याच दिशेने जातो. इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये प्रोबर्ट आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये दाखवलं की तिथल्या दक्षिण आशियाई लोकांत अल्सरेटिव्ह कोलायटिसचं वार्षिक प्रमाण लाखामागे १०.८ होतं आणि स्थानिक युरोपीय लोकांत ५.३. आपल्या रक्तात या आजारांविरुद्ध काही संरक्षण असतं तर ते लेस्टरला पोचेपर्यंत उरायला हवं होतं.

दुसरा आक्षेप डॉक्टरांच्या बाजूने आहे आणि तो मला मनापासून मान्य आहे. क्षय वाटला म्हणून आधी क्षयाची औषधं देणं हे अज्ञान नव्हतं. ज्या ठिकाणी क्षयाची शक्यता कितीतरी जास्त आहे, जिथे तपासलेल्या तुकड्यात जंतू थोड्याच वेळा सापडतात आणि कल्चरला आठवडे लागतात, तिथे चुकीने स्टेरॉइड देण्यापेक्षा चुकीने क्षयाची औषधं देणं कमी धोक्याचं आहे. मुंबई-ठाण्यातल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या डॉक्टरांनी या शहाणपणाने असंख्य जीव वाचवले. पण सुरक्षित निर्णयालाही किंमत असते, आणि ती किंमत आता मोजली गेली आहे. दिल्लीच्या एम्समध्ये विनीत आहुजा आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की क्षयाची औषधं दिल्यावर तीन महिन्यांत खऱ्या क्षयाच्या बहुसंख्य रुग्णांना बरं वाटतं, पण क्रोन्सच्याही एक तृतीयांशाहून अधिक रुग्णांना बरं वाटतं. हे बरं वाटणं फसवं असतं, कारण आतल्या जखमा त्यांच्यात भरलेल्या नसतात. रुग्ण सांगतो फरक आहे, डॉक्टर म्हणतो चालू ठेवू, आणि सहा-नऊ महिने जातात. २०२० मध्ये त्याच गटाने पुढचा दुवा जोडला: क्रोन्सच्या ज्या रुग्णांना ओळख पटवण्यासाठी आधी क्षयाची औषधं दिली गेली, त्यांच्यात आतडं अरुंद होण्याची शक्यता वाढली होती. औषधांनी हे केलं असण्यापेक्षा उशिराने केलं, हा अर्थ मला अधिक सरळ वाटतो. ‘आशियाई’ म्हणवली जाणारी गुंतागुंत अशा रीतीने आपल्या डोळ्यांदेखत तयार होते.

हे कसं घडतं ते समजण्यासाठी नकाशावर एक ठिकाण धरून पाहावं. भिवंडीहून वाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर अंबाडी आहे. तिथून वज्रेश्वरी-गणेशपुरीकडे वाट फुटते. आसपास शेती, वीटभट्ट्या, आदिवासी पाडे, आणि भिवंडीच्या मागांवर, गोदामांत कामाला जाणारी माणसं. जवळून वाहणाऱ्या तानसा नदीवरचं धरण १८९२ मध्ये पुरं झालं आणि त्याचं पाणी नळांतून मुंबईला गेलं. देसाई-गुप्त्यांनी विचारलेला स्वच्छतेचा प्रश्न इथे जमिनीवर दिसतो. बालपणी जंतूंशी, कृमींशी ओळख झालेली प्रतिकारयंत्रणा पुढे स्वतःवर उलटत नाही, हे गृहीतक खरं असेल तर नळाचं पाणी आधी मिळालेल्या शहरात हा आजार आधी आणि धरणाच्या पायथ्याच्या गावांत नंतर दिसायला हवा. पण दिसणं आणि असणं यांत इथे फार अंतर आहे. अशा गावातला पंचविशीतला तरुण पोटदुखी आणि उतरतं वजन घेऊन निघाला तर आधी जंताचं औषध, मग ॲसिडिटीच्या गोळ्या, मग भिवंडीत सोनोग्राफी अशी वाट असते. सोनोग्राफीत आतड्याला सूज आणि गाठी दिसल्या की टीबीचा कोर्स सुरू होतो. तो सरकारी कार्यक्रमात मोफत आहे, २०१८ पासून पोषणासाठी दरमहा पैसेही खात्यात येतात, आणि नाव नोंदवहीत चढतं. कोलोनोस्कोपीसाठी मात्र ठाणे किंवा मुंबई गाठावी लागते, आदल्या दिवशी पोट साफ करण्याचं औषध प्यावं लागतं, सोबत माणूस लागतो, दोघांचा खाडा पडतो. क्षयाकडे जाणारा रस्ता गावापासून बांधलेला आहे. क्रोन्सकडे जाणारा रस्ता महानगरात सुरू होतो.

आणि कोर्स संपूनही त्रास उरला तर? मुंबईच्या पट्ट्यात एक जास्तीचा फाटा लागतो. हिंदुजा रुग्णालयातल्या झरीर उदवाडिया यांनी डिसेंबर २०११ मध्ये सगळ्याच औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाचे रुग्ण जगापुढे मांडले, आणि तेव्हापासून इथल्या प्रत्येक डॉक्टरच्या मनात औषधरोधी क्षयाची धास्ती आहे. त्याच रुग्णालयातल्या देवेंद्र देसाई, फिलिप अब्राहम आदींनी २०१४ मध्ये पोटाच्या क्षयातही असे जंतू सापडतात हे दाखवून दिलं. धास्ती निराधार नाही. पण तिच्यामुळे ‘औषध लागू पडलं नाही’ या घटनेचे दोन अर्थ निघतात. इतरत्र तिचा अर्थ ‘हा क्षय नसावा’ असा होतो. आपल्याकडे तो ‘हा अधिक हट्टी क्षय असावा’ असाही होतो, आणि रुग्ण दुसऱ्या, अधिक जाचक औषधांकडे वळतो. एकाच आजाराचा एकाच टप्प्यावरचा पुरावा ठिकाणानुसार वेगळा वाचला जातो. प्रादेशिक फरक म्हणून आपण जे मोजतो त्यात हे वाचनही मिसळलेलं असतं.

तिसरा आक्षेप असा की हे सगळं लपलेल्याचं उघड होणं नसून आजार खरोखरच वाढतो आहे. मी तो नाकारत नाही. १९९० नंतर आहार, प्रतिजैविकांचा सढळ वापर, शहरी जगणं हे सगळं बदललं, आणि त्याचा परिणाम नसेल असं मानणं हट्टाचं होईल. उघड होणं आणि वाढणं एकाच वेळी चालू शकतं. प्रश्न प्रमाणाचा आहे. हैदराबादच्या एशियन इन्स्टिट्यूट ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजीमधल्या रूपा बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी पोटाच्या तक्रारी असलेल्या ३० हजारांहून अधिक रुग्णांची कोलोनोस्कोपी करून २०२३ मध्ये सांगितलं की दाहक विकारांचं प्रमाण ग्रामीण आणि शहरी रुग्णांत जवळपास सारखं आहे. शहरीकरण हेच मुख्य कारण असतं तर ही सारखेपणाची रेघ इतकी सपाट आली नसती. काही जण म्हणतील की आता खेडंही पूर्वीचं खेडं राहिलेलं नाही, अंबाडी नाक्यावरही पाकीटबंद खाणं तेच मिळतं जे दादरला मिळतं. ते खरं आहे. पण आहाराचा बदल गावात पोचायला आणि त्यातून आजार उमटायला वर्षं लागतात, आणि हा समान आकडा तर पाहणारी नळी गावापर्यंत नेल्याबरोबर मिळाला. माझ्या मते इथे नळीचा वाटा मोठा आहे.

माझ्या म्हणण्याची कसोटीही याच संस्थेच्या आकड्यांत आहे. फरक मुख्यतः उशिराचा असेल, तर ज्या केंद्रांत क्षय आणि क्रोन्स लवकर वेगळे केले जातात तिथल्या रुग्णांचा आजार पश्चिमेसारखा दिसायला हवा. हैदराबादच्या गटाने २०२० मध्ये आपल्या मोठ्या रुग्णसमूहाविषयी जे लिहिलं त्याचा मथितार्थ हाच आहे: आजाराचं रूप पश्चिमेसारखंच, वेगळी आहे ती रुग्णांची सामाजिक जडणघडण. देशातल्या देशात काही फरक उरतात. पोटविकार तज्ज्ञांच्या भारतीय संघटनेच्या २०१२ च्या पाहणीत एकूणात अल्सरेटिव्ह कोलायटिसचे रुग्ण क्रोन्सच्या जवळजवळ दुप्पट होते आणि दक्षिणेकडे क्रोन्सचं प्रमाण तुलनेने अधिक होतं. त्याचं कारण जनुकांत, भातात, पाण्यात की रुग्णालयांच्या जाळ्यात आहे, हे ठरवण्यासाठी आधी निदानाला लागलेला काळ प्रत्येक रुग्णाच्या नोंदीत असायला हवा. आज क्रोन्सच्या अभ्यासांत वय, लिंग, आतड्याचा कोणता भाग, मार्ग अरुंद झाला की नाही हे सगळं कटाक्षाने नोंदवलं जातं. पहिली तक्रार कधी सुरू झाली, क्षयाची औषधं किती महिने घेतली आणि पहिली कोलोनोस्कोपी घरापासून किती अंतरावर झाली, हे तीन रकाने त्यात घातले तर ५२ आणि २४ यांच्यामधल्या दरीचा किती भाग शरीराचा आणि किती वाटेचा, ते मोजता येईल. उपचाराच्या बाजूने करण्यासारखं त्याहून सोपं आहे. क्षयाची औषधं सुरू केल्यावर दोन-तीन महिन्यांनी दुर्बिणीने पुन्हा आत पाहायचं आणि जखमा भरलेल्या नसतील तर तिथेच थांबून क्रोन्सचा विचार करायचा, ही शिफारस एम्सच्या अभ्यासांतून निघते. मोठ्या रुग्णालयांत ती पाळली जाऊ लागली आहे. अंबाडीच्या रुग्णाच्या बाबतीत ती पाळली जायची तर टीबीच्या मोफत गोळ्यांबरोबर त्या दुसऱ्या तपासणीची तारीख आणि प्रवासाचा खर्चही त्याच कार्यक्रमाने द्यायला हवा.